‘पुढं घेऊन जा’: बाळंतपणातलं अंतर कसं मोजायचं

माझ्या चुलत बहिणीचं पहिलं बाळंतपण मराठवाड्यातल्या तिच्या माहेरी ठरलं होतं. दिवस भरले होते, तपासण्या वेळच्या वेळी झाल्या होत्या, कार्डावर सगळ्या नोंदी होत्या. मंगळवारी रात्री अकराला कळा सुरू झाल्या आणि बारा वाजता आम्ही जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. सिस्टरांनी तपासलं, दोनदा बीपी घेतलं आणि चिठ्ठी लिहिली. म्हणाल्या, ‘पुढं घेऊन जा.’ पुढच्या ठिकाणी डॉक्टर होते, ऑपरेशनची खोलीही होती. पण भूल देणारे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी दिवसा येत. परत केसपेपर, परत चिठ्ठी, परत ‘पुढं घेऊन जा’. जिल्ह्याच्या ठिकाणी तिला टेबलावर घेतलं तेव्हा पहाट होत आली होती.

बहीण वाचली, बाळही वाचलं. ते कागद काकूने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेत. पहिल्या चिठ्ठीवर लिहिलंय : बीपी 160/110, वेळ 12.20. तिसऱ्या केसपेपरवर वेळ आहे 4.35. त्या रात्री कुणी हयगय केली असं मला आजही वाटत नाही. सिस्टरांनी जे करायचं ते केलं, दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून पुढच्यांना कळवलं. तरी सव्वाचार तास गेले. पुण्यामुंबईत हीच बाई याच बीपीने आली असती, तर बहुधा अर्ध्यापाऊण तासात तिच्यावर उपचार सुरू झाले असते. मातृआरोग्यातली प्रादेशिक विषमता म्हणतात ती ही. ती नेमकी कुठे तयार होते, ते नीट समजून घेऊ.

सुरुवात आकड्यापासून करावी लागते, कारण आकडाच आपली दिशाभूल करतो. मातामृत्यू प्रमाण म्हणजे एक लाख जिवंत जन्मांमागे किती बायका गरोदरपणात, बाळंत होताना किंवा त्यानंतरच्या 42 दिवसांत त्यासंबंधीच्या कारणाने दगावल्या, याचा हिशोब. 2018-20 या काळात भारताचा आकडा 97 होता. केरळचा 19, महाराष्ट्राचा 33, आसामचा 195. जगाने 2030 सालासाठी ठरवलेलं उद्दिष्ट 70 च्या खाली येण्याचं आहे. म्हणजे महाराष्ट्र कधीच पास झालाय, आणि ही खरोखर मोठी कामगिरी आहे. 2014-16 मध्ये आपला आकडा 61 होता.

पण हा आकडा सबंध राज्याचा आहे. तो नमुना नोंदणीतून, म्हणजे निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून काढतात, आणि त्या नोंदणीतून जिल्ह्याचा वेगळा आकडा मिळत नाही. मिळाला तरी फारसा उपयोग नाही, तो का ते बघा. एखाद्या जिल्ह्यात वर्षाला 30 हजार बाळं जन्मतात असं धरू. 33 च्या दराने तिथे वर्षाला दहा मृत्यू होतील. तीन हजार जन्मांच्या तालुक्यात एक. एखाद्या वर्षी शून्य, एखाद्या वर्षी तीन. शून्य आलं म्हणून तो तालुका सुरक्षित झाला असं म्हणता येत नाही, आणि तीन आले म्हणून तो अचानक बिघडला असंही नाही. शिवाय मोखाड्याची बाई नाशिकला नेताना किंवा नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात गेली, तर मृत्यू घडला नाशिकला. ती राहत होती कुठे, हे कुणी मुद्दाम शोधून लिहिलं नाही तर मोखाड्याची पाटी कोरीच राहते.

म्हणून मृत्यू मोजून थांबता येत नाही. वेळ मोजावी लागते. का, ते समजायला शरीरात काय होतं ते आधी बघू.

बाळंतपणातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण रक्तस्राव. दिवस भरत आले की गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त जात असतं. वार जिथे चिकटलेली असते तिथे हे रक्त उघड्या रक्तवाहिन्यांतून येतं. बाळ बाहेर आलं, वार सुटली, की गर्भपिशवी मुठीसारखी घट्ट आवळते आणि तिचे स्नायूच त्या रक्तवाहिन्यांची तोंडं दाबून बंद करतात. निसर्गाने इथे गाठ मारायला दुसरं काही ठेवलेलं नाही. पिशवी आवळली नाही, सैल राहिली, वारेचा तुकडा आत अडकला, तर रक्त थांबत नाही. उपचार न मिळाल्यास अशी बाई दोन तासांतही जाऊ शकते. आणि ती आधीच रक्त कमी असलेली असेल, तर तेवढेही नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांत त्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची भर पडते.

बीपी वाढून झटके येणं, अडलेलं बाळंतपण, जंतुसंसर्ग ही बाकीची मोठी कारणं. त्यांचं घड्याळ रक्तस्रावापेक्षा सावकाश चालतं, पण दिवसांत नाही, तासांतच.

हे सगळं ध्यानात घेऊन 1994 मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी एक साधी मांडणी केली. तिला ‘तीन उशीर’ म्हणतात. पहिला उशीर घरात : दवाखान्यात जायचं हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यात : पोचण्यात. तिसरा दवाखान्यात : पोचल्यावर उपचार मिळण्यात. आपल्याकडे मेळघाटातल्या किंवा सातपुड्यातल्या एखाद्या मृत्यूची बातमी आली की बोट पहिल्या उशिराकडे जातं. लोक अडाणी, भूमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे गेले, दवाखान्यात यायला तयार नव्हते. मला हे फार अर्धवट वाटतं. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या पाड्यावरची सून दवाखान्यात नेली, तिला तिथून पुढे, तिथून आणखी पुढे पाठवलं आणि ती गाडीतच गेली, हे ज्यांनी पाहिलंय ते दुसऱ्या वेळी निघायला उशीर करणारच. तिसऱ्या उशिरातूनच पुढच्या बाईचा पहिला उशीर जन्माला येतो. त्या दोन अभ्यासकांनीही हे त्याच वेळी लिहून ठेवलंय.

तिसऱ्या उशिराकडेच जरा जास्त वेळ बघू या. बाळंतपण होणारा प्रत्येक दवाखाना जीव वाचवू शकतोच असं नाही. साधं, सरळ बाळंतपण उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. अडचण आली तर सिझर करता येईल, रक्त देता येईल आणि आजारी बाळाला सांभाळता येईल अशी जागा लागते. सरकारी भाषेत तिला एफआरयू (फर्स्ट रेफरल युनिट) म्हणतात, म्हणजे पुढे पाठवलेल्या बाईसाठीचं पहिलं ठिकाण. ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय या पातळीवर ती असायला हवी. तिथे तीन गोष्टी एकाच वेळी हजर लागतात : सिझर करणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त. यातलं एक जरी नसलं तरी उरलेल्या दोघांचा त्या रात्री उपयोग शून्य. स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा भरली, ऑपरेशनची खोली बांधली, पण भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस, तर कागदावर ते रुग्णालय सुसज्ज आणि प्रत्यक्षात बुधवारी पहाटे ते फक्त चिठ्ठी लिहिण्याचं ठिकाण. माझ्या बहिणीच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

रक्ताचंही तसंच. प्रत्येक गावी रक्तपेढी नसते, असण्याची गरजही नाही. मोठ्या रक्तपेढीतून पिशव्या आणून ठेवायचं एक साठवण केंद्र पुरतं. त्याला लागतो दोन ते सहा अंशांवर चालणारा फ्रिज, न जाणारी वीज आणि रात्रीही रक्त जुळवून देणारा तंत्रज्ञ. फ्रिज मिळतो. वीज आणि रात्रीचा तंत्रज्ञ इथे गाडं अडतं.

आता हे दवाखाने कुठे किती असावेत, हे ठरतं कसं? लोकसंख्येवर. सपाट भागात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, एक लाख वीस हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय. डोंगरी आणि आदिवासी भागात निकष सैल केलेत : तीन हजार, वीस हजार आणि ऐंशी हजार. कागदावर हे आदिवासी भागाला झुकतं माप आहे.

ते भामरागडला लावून बघा. 2011 च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या 36 हजारांच्या आसपास होती, आणि ती शंभराहून जास्त गावांत, जंगलात विखुरलेली. वीस हजारांच्या हिशोबाने अख्ख्या तालुक्याच्या वाट्याला दोनही प्राथमिक आरोग्य केंद्रं पुरती येत नाहीत. आणि ऐंशी हजारांचं माप लावलं तर एक ग्रामीण रुग्णालयसुद्धा निकषात बसत नाही! म्हणजे निकष तंतोतंत पाळला तरी तिथल्या बाईला सिझरसाठी तालुक्याबाहेर जावं लागणार. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली तिथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. त्या दिवसांत कुणाचे दिवस भरलेले असतील, याचा विचार बातमीत नसतो.

मेळघाटाची गोष्ट जरा वेगळी. धारणी आणि चिखलदरा मिळून तीन लाख लोक. इथे लोकसंख्येच्या मापाने रुग्णालयं मिळतात आणि आहेतही. पण गंभीर बाई शेवटी अमरावतीच्या डफरीनलाच, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी स्त्री रुग्णालयात आणावी लागते. धारणीहून तिथे यायचं म्हणजे घाटातून, सेमाडोह-परतवाडा करत, दीडशे किलोमीटरच्या आसपास. वर सांगितलेले रक्तस्रावाचे दोन तास आणि हा घाट एकमेकांशेजारी ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक मापात म्हणूनच दोन गोष्टी आहेत : पाच लाख लोकांमागे तातडीची प्रसूतिसेवा देणारी निदान पाच केंद्रं, त्यातलं किमान एक सिझर आणि रक्ताची सोय असलेलं, आणि लोकांना ती दोनतीन तासांत गाठता येणं. आपण पहिलं माप उचललं, म्हणजे डोकी मोजायचं. दुसरं, तासांचं, लोकसंख्येच्या या निकषांत दिसत नाही.

महाराष्ट्राला ‘अनुशेष’ हा शब्द नवा नाही. प्रादेशिक असमतोल मोजायला वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि 1984 मध्ये तिचा अहवाल आला. सिंचन, रस्ते, वीज अशा नऊ क्षेत्रांत आरोग्यही होतं. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जेवढा मागे, तेवढा त्याचा अनुशेष. पुढे 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली. त्या काळात मागास भागांत दवाखाने, इमारती वाढल्या. पण अनुशेषाच्या हिशोबात खाट मोजता येते. पहाटे तीन वाजता त्या खाटेशेजारी कोण उभं आहे, ते मोजता येत नाही. म्हणून अनुशेष ‘भरून निघालेल्या’ ठिकाणीही चिठ्ठी लिहिली जाते.

दवाखान्यातल्या बाळंतपणांच्या आकड्याचंही तसंच आहे. 2005-06 मध्ये महाराष्ट्रात 64.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत, 2019-21 मध्ये 94.7 टक्के. यामागे आशाताईंचे पाय आहेत, हे विसरून चालणार नाही. घरोघरी फिरून, नवरा-सासूची समजूत काढून, रात्रीअपरात्री गाडीत सोबत बसून त्यांनी हा आकडा वर नेलाय, तेही तुटपुंज्या मानधनावर. पण बाई दवाखान्याच्या दारापर्यंत आली, याचा अर्थ तिला हवी ती सेवा मिळाली असा होत नाही. विषमता मिटली नाही, ती घराच्या उंबऱ्यावरून दवाखान्याच्या उंबऱ्यावर सरकली.

आणि एक उलटी बाजू. 2019-21 च्या त्याच पाहणीत राज्यात 25.4 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसली. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की समाजात हे प्रमाण दहा टक्क्यांवर गेल्यानंतर आणखी वाढलं तरी मातामृत्यू कमी होताना दिसत नाहीत. त्याच पाहणीत देशभरात खाजगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, सरकारी दवाखान्यांतली 14.3 टक्के. शहरात गरज नसताना पोट कापलं जातंय आणि डोंगरात गरज असताना कापणारे हात नाहीत. दोघींची सरासरी काढली की आकडा ठीकठाक दिसतो.

पैशाच्या योजनांबद्दल थोडक्यात. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, येण्याजाण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. हा हक्क आहे, उपकार नाही. कुणी औषध बाहेरून आणायला सांगितलं तर हे ठामपणे बोलावं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात. 108 ची गाडी महाराष्ट्रात 2014 पासून आहे. पण फोनला रेंज नसलेल्या पाड्यावरून 108 लागत नाही. मग झोळी उरते : बांबूला बांधलेली चादर, पुढे दोघं, मागे दोघं, डांबरी रस्ता येईपर्यंत.

विषमता एका जागी बसूनही राहत नाही, ती माणसांबरोबर चालते. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला कोयते, म्हणजे मजुरांची जोडपी निघतात, त्यांत गरोदर बायकाही असतात. नोंद गावात, कार्ड गावात, आशाताई गावात. आणि आठवा महिना उजाडतो सांगली-कोल्हापूरकडच्या फडात, पालावर. तिथल्या सिस्टरांसाठी ही बाई नव्याने आलेली, कागद नसलेली. पश्चिम महाराष्ट्रात सोयी चांगल्या आहेत, पण त्या सोयींच्या मधोमध राहूनही ही बाई त्यांच्यापासून तितकीच लांब.

मग उपाय आहे का? आहे, आणि त्यातले काही आपल्याच राज्यात रुजलेत. आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी ‘माहेरघर’ असतं. दिवस भरायच्या आधीच बाई तिथे येऊन राहते, सोबत नातलग आणि लहान मूल आणता येतं. कळा सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा कळांच्या आधी अंतर कापायचं, ही त्यातली मेख. कल्पना उत्तम. पण खोलीत चूल, पाणी, संडास नसेल, घरी ठेवलेल्या पोरांकडे, शेळ्यांकडे बघायला कुणी नसेल, बुडालेली मजुरी भरून निघणार नसेल, तर बाई येत नाही, आणि आली तरी दोन दिवसांत परत जाते. शिवाय माहेरघर ज्या केंद्राशेजारी आहे, तिथे सिझर होत नाही. म्हणून धोक्याचं बाळंतपण असेल तर अशी सोय सिझर होणाऱ्या रुग्णालयाच्या आवारात हवी, असं मला वाटतं.

तमिळनाडूने वेगळी वाट घेतली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीन-तीन नर्स नेमून ती खरोखर चोवीस तास चालवली, आणि तज्ज्ञ डॉक्टर एकेक करून सगळीकडे विखरून टाकण्याऐवजी निवडक रुग्णालयांत गटाने ठेवले, म्हणजे पाळ्या लावता येतात आणि रात्रही भरून निघते. विचार करा, एका स्त्रीरोगतज्ज्ञाला एकट्याने वर्षाचे 365 दिवस जागं राहता येईल का? दुर्गम तालुक्यात एकटी नेमणूक केलेला डॉक्टर सोडून जातो, त्यामागे नेहमी पैसाच नसतो. एकटेपणा आणि भीतीही असते. एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचं काही महिन्यांचं प्रशिक्षण देण्याची सोय देशात आहे. अशा डॉक्टरला तिथेच टिकवलं, तर भूलतज्ज्ञावाचून अडलेली खोली सुरू होऊ शकते.

काही गोष्टी तर फारच साध्या आहेत. बाळंतपणानंतर बाईखाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी-चादर अंथरायची, म्हणजे किती रक्त गेलं ते डोळ्यांनी अंदाज न करता दिसतं, आणि रेघ ओलांडली की ठरलेले उपचार एकामागून एक न देता एकदमच द्यायचे. 2023 मध्ये चार आफ्रिकी देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत या पद्धतीने गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण साठ टक्क्यांनी घटलं. तसंच, बीपी वाढलेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस सिस्टरसुद्धा देऊ शकतात, तशी परवानगी आहे. त्याने वाटेतले झटके टळतात. माझ्या बहिणीच्या पहिल्या चिठ्ठीवर तळाला तो डोस दिल्याची नोंद आहे. ती ओळ नसती तर मी आज काय लिहीत असते, कल्पना करवत नाही.

गरोदर बाई घरात असेल तर सातव्या महिन्यातच तीन प्रश्न विचारून ठेवा : इथे रात्री सिझर होतं का? भूल द्यायला कोण येतं आणि कोणत्या वारी? रक्त लागलं तर पिशवी कुठून येते? उत्तर ‘पुढं न्यावं लागेल’ असं असेल तर त्या ‘पुढं’चं नाव, फोन आणि वाट त्याच दिवशी कार्डाच्या मागे लिहून ठेवा. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीतही हेच विचारता येतं. किती खाटा आल्या हे विचारण्यापेक्षा, गेल्या महिन्यात किती बायका पुढे पाठवल्या आणि कशाअभावी, हे विचारा. ती नोंद दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये असते.

आणि एक व्यवस्था फार कमी लोकांना ठाऊक आहे. बाळंतपणात बाई दगावली, तर त्या मृत्यूची चौकशी करायची पद्धत सरकारने घालून दिलीय. आशाताई कळवतात, पथक घरी जातं, घरच्यांशी बोलून सगळा घटनाक्रम लिहून घेतं आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर आढावा होतो. तिथे मेलेल्या बाईच्या नातेवाइकांना बोलवायचं असतं. हेतू कुणाला फासावर द्यायचा नाही, साखळी कुठे तुटली ते शोधायचा. कचेरीतल्या खुर्चीवर बसायची सवय नसलेला एखादा नवरा, एखादी सासू तिथे अंग चोरून बसलेली असते. त्यांना भाषणं द्यायची गरज नाही. कळा किती वाजता सुरू झाल्या, घरून किती वाजता निघालात, गाडी किती वाजता आली, पहिल्या दवाखान्यात किती वाजता पोचलात, तिथून किती वाजता निघालात, एवढंच त्यांना विचारायचं, आणि प्रत्येक उत्तरापुढे वेळ लिहायची.